फिलेमोनाच्या नावाचं पत्र

"पत्र वाचायला घेतलंस की आधी तीन गोष्टी सांगायच्या, सलोमी. कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं आणि कधी लिहिलं. मजकूर मागनं."

सोजरबाईंनी हे सांगितलं त्याला एकेचाळीस वर्षं झाली. सोजरबाई म्हणजे सलोमीच्या सासूबाई, मिशनच्या बायबलबाई. आठवड्यातले चार दिवस खेडोपाडी फिरायच्या आणि बायांना शास्त्र वाचून दाखवायच्या. शास्त्र झालं की बाया कनवटीला खोचलेली पत्रं काढायच्या. सोजरबाई तीही वाचून द्यायच्या. एकदा घाईघाईत त्यांनी एका म्हातारीला पत्र मधूनच वाचून दाखवलं: मुलगा दवाखान्यात आहे, भरवसा नाही. म्हातारीने ऊर बडवून गाव गोळा केलं. मग कोणीतरी पत्राचं डोकं पाहिलं. पत्र चार महिन्यांपूर्वीचं होतं आणि म्हातारीला नव्हे, तिच्या जावेला लिहिलेलं होतं. आजारी होता तो जावेचा मुलगा, आणि तो बरा होऊन केव्हाच ऊस तोडायला गेला होता.

सून म्हणून आलेल्या सलोमीला सोजरबाईंनी हा किस्सा पहिल्याच आठवड्यात सांगितला. सांगताना हसल्या मात्र नाहीत.

आज तो किस्सा सलोमीला आठवला, कारण दत्तोबांनी टेबलावर वही ठेवली, वहीवर पेन ठेवलं आणि म्हणाले, "लिहायला घे. तुझं अक्षर चांगलं आहे."

रविवारची उपासना आटोपून सगळे थेट कर्वेनगरला सलोमीकडे आले होते. दत्तोबा म्हणजे सलोमीचे थोरले दीर, चर्चच्या मंडळीचे पंच. वय शहात्तर, पण इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही. त्यांच्या शेजारी लीलाताई, त्यांची बायको. सलोमीची लेक रुपाली कोथरूडहून स्कूटरवर आली होती. हेल्मेट अजून मांडीवरच. आणि खिडकीपाशी, सगळ्यांकडे अर्धवट पाठ करून, इंद्रजीत. सलोमीचा एकुलता एक मुलगा. खाली क्लासच्या पोरांच्या गाड्यांचा गोंधळ चालला होता, तो तिथेच डोळे लावून बसला होता.

त्याच्या बायकोची, उत्कर्षाची खुर्ची रिकामी होती. तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी याच टेबलाशी इंद्रजीतने तिचं मनगट पिरगाळलं होतं. दवाखान्यात नर्स होती ती. एका मैत्रिणीची ड्यूटीची पाळी आपल्यावर घेतली आणि घरी विचारलं नाही, एवढ्यावरून सुरू झालं. हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेल्या हाताने तिने आठ वर्षांच्या लेकीचं, तनयाचं, दप्तर भरलं आणि सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. आता तिने कोर्टात संरक्षणासाठी अर्ज केला होता. उद्या, सोमवारी, अकरा वाजता तारीख होती. त्या बुधवारी तिथे चौथं माणूस कोणी नव्हतं. तिसरी सलोमी होती.

"काय लिहू, भाऊजी?" सलोमीने विचारलं. तिचा आवाज मुळातच लहान. प्रार्थनेतसुद्धा मागच्या बाकावर पोचत नसे.

"मी सांगतो तसं. प्रिय उत्कर्षा. तुझी सासू नव्हे, आई म्हणून लिहिते. शास्त्रात पौलाने पळून आलेल्या अनेसिमाला त्याच्या धन्याकडे परत पाठवलं. तो प्रेषित होता, त्याला काही कमी कळत नव्हतं. त्याने म्हटलं नाही की राहा माझ्याकडेच. परत जा म्हणाला. तसं तूही अर्ज मागे घेऊन आपल्या घरी ये. खाली फिलेमोनाचं वचन घाल. रुपाली संध्याकाळी नेऊन देईल. तुझं ऐकेल ती."

"आणि इंद्रजीत?"

"त्याला पाळकसाहेब समजावतील. मी बोललोय त्यांच्याशी."

"आई, खरंच लिही," रुपाली म्हणाली. "कोर्ट-बिर्टात एकदा गेलं ना, की मग घर म्हणून काही राहत नाही. माझ्या सासरी रोज विचारतात, काय झालं, काय झालं. मी काय सांगू? बाथरूममध्ये पाय घसरला सांगितलंय मी."

"तू सांगितलंस?"

"मग काय सांगू, दादाने तोडला?"

इंद्रजीतची मान जराशी वळली, पुन्हा खिडकीकडे गेली.

सलोमीने पेन उचललं नाही. लेंटचे, उपवासाचे दिवस, दुपारी बारापर्यंत ती पाणीसुद्धा घेत नसे. बारा वाजून गेले होते, पण पाणी प्यायचं ती अजून विसरलीच होती. रणनवऱ्यांच्या घरात, तिच्या सासरी, बायबलातलं फिलेमोन म्हणजे परत पाठवायचं पत्र, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. कोणाचा मुलगा रुसून मामाकडे गेला, कोणाची लेक माहेरी येऊन बसली, की कार्डावर तेवढं एकच वचन लिहून धाडायचं: मी त्याला तुझ्याकडे परत पाठवलं आहे. पुढचं-मागचं कधी कोणी वाचलं नव्हतं. सलोमीने वाचलं होतं. पहाटे पाचला, चहाआधी, रोज एक अध्याय, असा तिचा नेम. बारीक आवाजाच्या बाईला वाचलेलं बोलायची वेळ येत नाही, एवढंच.

"आधी वाचू या," ती म्हणाली.

"काय वाचायचंय त्यात? पाठ आहे मला."

"वचन पाठ आहे, भाऊजी. पत्र वाचू. आपल्या घरात उपासनेला वाचतो तसं आळीपाळीने. पंचवीस वचनं आहेत, आपण पाच जण आहोत. पाच पाच येतील."

दत्तोबांना नाही म्हणता येईना. पंचांनी शास्त्र वाचायला नको म्हणणं बरं दिसत नाही. त्यांनी चष्मा पुसला. "वाचू. पण वाचून झाल्यावर लिहायचं. टाळाटाळ नको."

"लिहीन," सलोमी म्हणाली. "शब्द देते. आज या टेबलावर पत्र लिहूनच उठेन."

पहिलं वचन दत्तोबांकडे आलं. पौल, ख्रिस्तासाठी बंदिवान झालेला, आणि भाऊ तीमथ्य यांच्याकडून, आमचा प्रिय सोबती फिलेमोन याला. त्यांनी ते खणखणीत वाचलं.

"थांबा जरा," सलोमी म्हणाली. "कोणाला लिहिलंय?"

"आत्ताच वाचलं की. फिलेमोनाला."

"फिलेमोन कोण?"

"धनी. हा काय संडेस्कूलचा तास आहे?"

"नाही. अनेसिमाला लिहिलं नाही, एवढंच बघितलं."

दत्तोबांनी बायकोकडे पाहिलं, पुढे वाच अशा नजरेने. लीलाताईंनी दुसरं वचन वाचलं: बहीण अफ्फिया, सोबती अर्खिप्प आणि तुझ्या घरी जमणारी मंडळी यांना. मग रुपाली. मग इंद्रजीत; त्याने खिडकी सोडली नाही, मोबाइलवर काढून, शाळेत हजेरी द्यावी तसं वाचून टाकलं. मग सलोमी. फेरा फिरत राहिला. पौल लिहीत होता की मला हुकूम करायचा अधिकार आहे, पण मी प्रेमाने विनवतो. म्हातारा झालोय, तुरुंगात आहे, आणि या पोराला, अनेसिमाला, मी तुरुंगात विश्वासात जन्म दिलाय.

बारावं वचन लीलाताईंकडे आलं. त्यांनी ते अर्धं वाचलं आणि बोट ओळीवर ठेवून थांबल्या.

"हेच ना ते?"

"हेच," दत्तोबा म्हणाले. "पुढे."

"मला आलं होतं कार्ड. तुम्ही पाठवलं होतं, मामंजींच्या सांगण्यावरून. मी नगरला भावाकडे होते. सुनील पोटात होता तेव्हा." लीलाताई हे इतक्या सहज बोलल्या की काल भाजी आणली म्हणून सांगत असाव्यात. "एवढीच ओळ होती. मला वाटलं, देवानेच लिहून पाठवलंय, परत जा. आले मी. सासूबाई तेव्हा गावोगाव फिरत होत्या. आठ दिवसांनी आल्या, मी चुलीपाशी होते, म्हणाल्या, आलीस? मी म्हटलं, आले. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग अंघोळीला गेल्या."

"पन्नास वर्षांपूर्वीचं आत्ता कशाला?"

"वचन माझ्याकडे आलं म्हणून," लीलाताई म्हणाल्या, आणि उरलेलं अर्धं वाचलं: पाठवलंय म्हणजे माझं काळीजच पाठवलंय. "हे नव्हतं कार्डावर."

रुपालीने हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं.

चौदावं वचन इंद्रजीतकडे. तुझ्या मर्जीवाचून मी काही केलं नाही, म्हणजे तुझं चांगुलपण जबरदस्तीचं होऊ नये, आपखुशीचं व्हावं. या वेळी त्याने हजेरीसारखं वाचलं नाही. 

पंधरावं सलोमीचं. आणि सोळावं दत्तोबांचं. त्यांनी वाचायला तोंड उघडलं, मिटलं, चष्मा वर केला आणि मग, पंचाला वाचावंच लागतं म्हणून, वाचलं: यापुढे तो दास नव्हे, दासाहून थोर, प्रिय भाऊ म्हणून.



"भाऊजी," सलोमी म्हणाली, "हे पत्र लिहिलं तेव्हा पळून गेलेला दास सापडला तर धनी त्याला डाग देऊ शकत होता, मारून टाकू शकत होता. विचारणारं कोणी नव्हतं. अनेसिमाला कुठे कोर्ट होतं? दाद मागायला एकच जागा होती, हा तुरुंगातला म्हातारा. त्या म्हाताऱ्याने काय केलं? दासाला उपदेशाचं कार्ड नाही दिलं. धन्याला पत्र लिहिलं. सगळ्या मंडळीसमोर वाचलं जाईल असं लिहिलं, म्हणजे त्याला मागे सरता येऊ नये."

"म्हणजे आता शास्त्रापेक्षा कायदा मोठा."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस? काळ बदलला, म्हणून वचन बदललं? आज हे, उद्या दहा आज्ञा. तू पहाटे उठून हे वाचतेस होय?"

एरवी सलोमी इथे गप्प झाली असती. दत्तोबांनाही त्याची सवय होती; टोमणा मारला की ते पुढचा विषय काढायचे. आज सलोमीने त्यांना पुढचा विषय काढू दिला नाही.

"वचन बदललं नाही. ते ज्याला सांगितलं त्याला सांगितलं, एवढंच मी म्हणते. तुम्ही धन्याचं पत्र दासाच्या दारात टाकताय. आणि दुसरं. उत्कर्षाला तुम्ही अनेसिमाच्या जागी बसवलंत. म्हणजे माझ्या घरात ती दास होती, हे तुम्हीच म्हणालात. मी म्हटलं नाही."

"शब्दात पकडू नकोस मला."

"मी नाही पकडत. फेऱ्यात तुमच्याकडेच आलं ते वचन."

रुपालीने तोंडावर हात ठेवला. हसू होतं की काय, दत्तोबांना कळलं नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं. ते उठून उभे राहिले. "वंशाचं नाव आहे. मंडळीत आपल्या घराकडे लोक बघतात. बायबलबाईचं घर. आणि उद्या तिथे वकील विचारणार, आणि पेपरात..."

"बसा हो," लीलाताई म्हणाल्या. "नऊ वचनं राहिलीत. अर्ध्यात उठू नये, तुम्हीच सांगता सगळ्यांना."

ते बसले.

उरलेली वचनं वाचून झाली. बाविसावं पुन्हा लीलाताईंकडे आलं: आणि माझ्यासाठी उतरायची जागा तयार ठेव, मी येणार आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तपासायला येणार होता तो," त्या म्हणाल्या. "नुसतं पाठवून मोकळा नाही झाला. मी परत आल्यावर कोणीच बघायला आलं नाही."

दत्तोबा वहीकडे बघत होते. वही त्यांचीच होती, मंडळीच्या बैठकांची. मागची चार पानं कोरी होती.

सलोमीने पंचविसावं वचन वाचलं, आमेन म्हटलं, वही आपल्याकडे ओढली आणि लिहायला लागली. अक्षर खरंच चांगलं होतं.  रुपालीने उठून पाण्याचा तांब्या भरला, आईपुढे भांडं ठेवलं. खाली क्लास सुटला, गाड्या एकामागोमाग गेल्या. पान उलटलं तेव्हा दत्तोबा म्हणाले, "एवढं काय लिहितेस तिला?"

"तिला नाही," सलोमी म्हणाली. "वाचू?"

ती वाचायला लागली.

"चिरंजीव इंद्रजीत यास, आई सलोमीकडून. आणि तुझ्या घरी आज जमलेल्या दत्तोबा भाऊजींना, लीलाताईंना, रुपालीला. रविवार, दुपार.

"त्या बुधवारी मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातात आमटीचं पातेलं होतं. तू तिचा हात धरलास, ती सोड म्हणाली, तू सोडला नाहीस. आवाज मी ऐकला. मी पातेलं खाली ठेवलं, आणि तुला हात लावला नाही. तू माझा मुलगा म्हणून लावला नाही. ते पाप माझं. तुझ्या पापात ते मिसळू नको, मी माझं वेगळं देवापुढे नेते.

"उत्कर्षाने परत यावं असं मी तिला लिहिणार नाही. यायचं की नाही ते ती ठरवेल. तुला लिहिते, कारण मोडलं ते तू. तू हे कबूल कर. जबरदस्तीने नको, आपखुशीने कर. तुला राग आवरत नसेल तर शिकवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जा. पाळकसाहेबांकडे चहा पिऊन ते होणार नाही.

"उद्या अकरा वाजता मी शिवाजीनगरला कोर्टात जाईन. उत्कर्षाने मला बोलावलेलं नाही. ती म्हणाली, आई, तुम्हाला मध्ये ओढणार नाही. मी माझ्या पायाने जाईन, तिच्या बाजूला उभी राहीन, आणि मी काय पाहिलं ते कोणीही विचारलं तरी सांगेन. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे."

खाली तिने पूर्ण नाव लिहिलं होतं. पान फाडून, घडी न घालता, तिने टेबलावरून मुलाकडे सरकवलं.

इंद्रजीत खिडकीपासून उठला. मार्केट यार्डातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर ड्रायव्हरांवर ओरडणारा माणूस. आता तो टेबलाशी आला.

"आई, तू माझ्याविरुद्ध बोलणार?"

"मी खरं बोलणार. ते कोणाच्या विरुद्ध जातं, ते तू त्या बुधवारी ठरवलंस."

"मी काय रोज मारतो का तिला?"

"रोज नाही म्हणून हाड जुळत नाही, बाबा."

त्याने पानाकडे पाहिलं. उचललं नाही. आतल्या खोलीत गेला आणि दार लोटलं, आपटलं नाही. सलोमीने ते लोटणं नीट ऐकलं. आपटायची सवय होती त्याला.

"झालं समाधान?" दत्तोबा उठले. "मुलगा गमावलास. उद्या मंडळीत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आईच्या घरात असं कधी झालं नव्हतं."

"झालं होतं," लीलाताई म्हणाल्या. "कोणी लिहून ठेवलं नव्हतं."

दत्तोबांनी चपला घातल्या. जिन्यात त्यांचा आवाज येत राहिला, लीलाताईंचा आला नाही. रुपालीने हेल्मेट उचललं, दारापाशी घुटमळली. "मी सासरी काय सांगू?"

"तुला जे सांगवेल ते. पाय घसरला, एवढं मात्र सांगू नकोस."

"मोठे काका बोलणं टाकतील."

"टाकू देत."

"तू अशी कधी झालीस गं?"

 सलोमी पाणी प्यायली. तिने भांडं धुऊन पालथं घातलं.

सोमवारी पहाटे पाचला तिने अध्याय वाचला. तो कुठला होता ते नऊ वाजेपर्यंत तिच्या ध्यानात राहिलं नाही, आणि याची तिला टोचणी लागली, कारण नेमात असं कधी झालं नव्हतं.  पोळ्या लाटताना दोन फाटल्या. त्या तिने आपल्याला बाजूला ठेवल्या.

टेबलावर पान नव्हतं. कचऱ्याच्या डब्यात पाहावं असं तिला वाटलं, आणि तिने पाहिलं नाही.

साडेनऊला इंद्रजीत दारात उभा राहिला. दाढी केलेली नव्हती, कामाचे कपडे नव्हते. "नाही गेलीस तर चालणार नाही का?" त्याने विचारलं. हळू विचारलं, लहानपणी शाळेला बुट्टी मारायची असली की विचारायचा तसं.  कालच्या सगळ्या बोलण्यात एवढं अवघड काही नव्हतं.

"नाही चालणार," ती म्हणाली. "भाजी झाकून ठेवलीय. गरम करून घे."

तिने पांढरी, बारीक काठाची साडी नेसली होती, रविवारची. पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा, आधारकार्ड. तनयासाठी राजगिऱ्याचा लाडू घेतला, मग कोर्टात पोर आणतील की नाही असं वाटून परत ठेवला, आणि शेवटी घेतलाच. दार ओढून घेताना आत पावलांचा आवाज झाला. ती थांबली नाही.

रिक्षा सोसायटीच्या फाटकाबाहेरच मिळाली.

"शिवाजीनगर," ती म्हणाली. आवाज इतका लहान की रिक्षावाल्याने मान मागे वळवली. "कुठं म्हणालात, मावशी?"

सलोमी जरा पुढे सरकली आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "कोर्टात. अकराच्या आत पोचायचंय."